ताईच्या गाडीचं मिसिंग

आधीच सांगते, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली. ज्याला थापा वाटतील त्याने खुशाल पान उलटावं, माझं काही अडत नाही.

आणि दुसरं म्हणजे, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. ऊन गॅरेजच्या मधोमध आलेलं, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजतायत, समोरच्या दुकानात कोणीतरी मोठमोठ्याने फोनवर बोलतंय. अशा वेळेची. भूत अंधारातच येतं असं ज्याने ठरवलं त्याला ते कधी भेटलेलं नसणार.

मी गाड्या दुरुस्त करते. गॅरेज बाबांचं. त्याच्याच वर आमचं घर. ताई आणि मी, दोघी या ग्रीसमध्ये लोळत मोठ्या झालो. अजूनही लोक आत डोकावतात आणि मलाच विचारतात, "मेकॅनिक कुठे गेला?" मी म्हणते, "तुमच्यासमोर उभा आहे, आधी डोळे तपासून या."

ताई माझ्यापेक्षा हुशार होती. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायची, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायची, आत काय दुखतंय ते.

आमच्या गॅरेजची एक पद्धत होती. गाडीखाली झोपलेल्या माणसाचं बोलणं इंजिनाच्या आवाजात वर ऐकू येत नाही. म्हणून बाबांनी आम्हाला ठोकायला शिकवलं होतं. पान्याने, गाडीच्या पत्र्यावर. एकदा ठोकलं की इंजिन चालू कर. दोनदा ठोकलं की बंद कर. आणि दोनदा ठोकून, थांबून, परत एकदा ठोकलं की…

टक टक… टक.

म्हणजे मला बाहेर काढ. हातातलं असेल ते टाक आणि धाव.

लहानपणी आम्ही बाथरूमच्या दारावरही असंच ठोकायचो. आई वैतागायची. लग्न झाल्यावर ताईने ही खूण भाऊजींनाही शिकवली होती. ते कधीमधी तिला पाना, टॉर्च आणून द्यायचे ना, म्हणून.

ताई गेली ती तिच्या स्वतःच्या गाडीखाली.

त्यांच्या घराला लागून शेड आहे, तिथे ती गाडीचं काम करत होती. जॅक सुटला आणि गाडी अंगावर आली. भाऊजी म्हणाले, "मी घरात नव्हतो. आलो तर…" आणि रडले. सगळ्यांसमोर रडले. त्यांची मुलगी, आमची बबडी, तेव्हा शाळेत होती.

आता माझं ऐका. ताई नुसत्या जॅकवर गाडीखाली जाणाऱ्यातली नव्हती. बाबांनी आम्हाला तेवढ्यासाठी कानफटात मारलंय. जॅकने गाडी उचलायची, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचे, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं. हे आमच्या हाडात आहे.

ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही स्टँड भिंतीला टेकून उभे होते. एकाशेजारी एक. नीट लावून ठेवल्यासारखे.

मी ओरडून ओरडून सांगितलं. लोक म्हणाले, "होतं गं असं. पट्टीचा पोहणाराच बुडतो." तो जॅक मी गॅरेजमध्ये आणला. त्यावर जड गाडी दिवसभर उभी ठेवली. तसूभर खाली आली नाही. पण माझं कोण ऐकतंय? बहीण गेली, डोक्यावर परिणाम झालाय, असंच सगळे म्हणायचे.

तेव्हापासून बबडी आमच्याकडे राहायची. भाऊजी रविवारी यायचे, चॉकलेट द्यायचे, जायचे.

आणि गेल्या हिवाळ्यात एके सकाळी ते ताईची गाडी घेऊन गॅरेजमध्ये आले.

हो, तीच गाडी. विकली नव्हती त्यांनी. धुऊन पुसून तीच वापरत होते. "इंजिन चांगलं आहे, कशाला विकायची?" असं वर मलाच विचारायचे.

"मेव्हणीबाई, गाडी मिसिंग मारतेय," ते म्हणाले. "तीन गॅरेज झाली, कोणालाही सापडत नाही. तू बघ. आजच्या आज पाहिजे. उद्या सकाळी निघतोय."

"कुठे?"

"बदली झालीय. लांब आहे. बबडीला घेऊन जातोय. किती दिवस ठेवणार तुमच्या गळ्यात?"

माझ्या हातातला पाना खाली पडला.

"ती गळ्यात नाहीये आमच्या," मी म्हणाले.

"माझी पोर आहे," ते हसून म्हणाले. "दुपारी येतो. नीट कर."

म्हणजे बघा. गाडी मी दुरुस्त केली की बबडी गेली. आणि नाही केली, तर ती पोर त्याच बिघडलेल्या गाडीत बसून घाटातून जाणार. माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी बोनेट उघडलं.

तेवढ्यात जिन्यावरून बबडी उतरली. तिचं दप्तर, कपडे, सगळं वर आई भरत होती. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, गाडी नीट नको ना करूस."

मी तिला वर पिटाळलं. ती थांबली असती तर मी तिथेच रडले असते.

मिसिंग म्हणजे काय, ते सांगते. इंजिनात चार सिलेंडर. चौघांनी आळीपाळीने जोर लावायचा. एकाने दांडी मारली की गाडी अडखळते, थरथरते. मग शोधायचं, दांडी कोण मारतंय. बाबांचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या तर कळणारच नाही, दोष कोणाचा होता.

स्कॅनर लावला. तीन नंबरचा सिलेंडर दाखवत होता.

तिसऱ्याची, ठिणगी पाडणारी कॉइल काढून पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. दोष कॉइलचा असेल तर तो पहिल्याकडे जायला हवा. गाडी चालू केली…

मिसिंगच नाही.

लोण्यासारखं इंजिन चाललं होतं.

कॉइल परत जागच्या जागी लावल्या. तरी ठीक. प्लग काढून बघितला. कोरडा, स्वच्छ, छान रंगाचा. इंजेक्टर ठीक. कॉम्प्रेशन चारीचं सारखं. मी स्वतः गाडी चालवून आले, चढावर नेली, रेस केली. एक ठोका चुकला नाही.

मला वाटलं, भाऊजी खोटं बोलतायत. पण स्कॅनर कशाला खोटं बोलेल?

दुपारी ते आले. जेवून, दात कोरत.

"झाली?"

"तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही."

"तुला येत नाही असं सांग ना सरळ," म्हणत ते सीटवर बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

इंजिन चालू झालं. क्षणभर ठीक होतं.

मग…

फट फट… फट.

गाडी थरथरली. परत तेच. फट फट… फट.

"हे बघ," ते म्हणाले. "आता?"

मी बोनेटपाशीच उभी होते. मिसिंग अशा ठेक्यात नसतं. ते वेडंवाकडं असतं. हे तर कोणीतरी मोजून मारत होतं.

"उतरा," मी म्हणाले.

"का?"

"उतरा म्हणते ना."

ते कुरकुरत उतरले. इंजिन चालूच होतं.

आवाज थांबला.

एकदम गुळगुळीत चालायला लागलं.

"बसा."

बसले…

फट फट… फट.

"उतरा."

थांबलं. मी बसले. काही नाही. परत त्यांना बसवलं. फट फट… फट.

एका वेळी एकच गोष्ट बदलली होती मी. आणि दोष त्या गोष्टीबरोबर फिरत होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. ठेका त्यांनीही ओळखला होता. न ओळखून कसं चालेल?

"काहीतरी ढिलं असेल खाली," ते घाईघाईने म्हणाले. "सायलेन्सरचा पाइप असेल. मी बसलो की माझ्या वजनाने लागत असेल कशाला तरी."

"तुम्ही काय हत्ती आहात का?"

"उचल गाडी. बघ खालून."

बरं, म्हटलं. इंजिन बंद केलं. जॅक घातला, पुढची बाजू उचलली. दोन्ही बाजूंना स्टँड लावले. गाडी हलवून बघितली. पक्की होती. जॅकही तसाच खाली राहू दिला, सवय आहे आमची. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं, शपथेवर सांगते.

इंजिन बंद होतं. चावी माझ्या खिशात होती.

आणि तरी…

टक टक… टक.

आता फट नव्हतं. टक होतं. पान्याचं. पत्र्यावर.

गाडीच्या खालून.

मी टॉर्च घेऊन वाकून बघितलं. खाली कोणी नव्हतं. तेलाचा एक डाग आणि जॅक.

टक टक… टक.

"बंद कर ते!" भाऊजी ओरडले.

"मी काय बंद करू? इंजिन बंदच आहे."

"तू करतेयस हे! कोणाला तरी लपवलंयस खाली! तिचा पुळका आलाय ना तुला? थांब, बघतोच मी."

माझ्या हातातला टॉर्च हिसकावून ते गुडघ्यांवर बसले. मग कोपरांवर. डोकं आत घातलं. टॉर्च इकडेतिकडे फिरवला.

"कोण आहे रे?"

आवाज थांबला.

एवढी शांतता झाली की रस्त्यावरचे हॉर्नही मला ऐकू येईनात.

मग भाऊजींनी एक चमत्कारिक आवाज काढला. चटका बसल्यावर माणूस काढतो तसा. आणि ते आत गेले. सरकले नाहीत. ओढले गेले. कंबरेपर्यंत, एका हिसक्यात. चप्पल बाहेर उडाली.

मी धावले. डावीकडे नजर गेली…

स्टँड नव्हता.

उजवीकडे बघितलं. तोही नव्हता.

ते दोन्ही भिंतीला टेकून उभे होते. एकाशेजारी एक. नीट लावून ठेवल्यासारखे.

गाडी नुसत्या जॅकवर होती. आणि जॅक…

स्स्स्स.

हळूहळू खाली यायला लागला.

"काढ! काढ मला!" भाऊजी आतून किंचाळत होते. पाय झाडत होते. मी पाय धरून ओढायला लागले, पण माणूस हलेना. आतून दुसरं कोणीतरी धरून बसलं होतं. माझ्यापेक्षा ताकदीने.

गाडी आणखी खाली आली.

आणि मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. खाली जे कोणी होतं त्याच्याशी बोलायला लागले. रडत, दबक्या आवाजात. माझ्या कानांनी ऐकलंय मी.

"सोड गं… सोड… ऐकलं होतं मी… दारातच उभा होतो… ऐकलं होतं गं सगळं…"

मी पाय सोडले.

खरं सांगू? मी उभी राहिले. ताईने ठोकलं होतं. अंगावर गाडी, हातात पाना, श्वास घेता येत नाही, आणि ती ठोकत राहिली होती. आपला नवरा येईल म्हणून. आणि हा माणूस दारात उभा राहून ऐकत होता. मेलास तर मर, असं माझ्या तोंडून निघालं. मोठ्याने निघालं.

गाडी त्यांच्या छातीला टेकली. त्यांचा आवाज बारीक झाला. टॉर्च असलेला हात तेवढा मोकळा असावा. त्याने ते खालून ठोकायला लागले.

टक टक… टक.

तेवढ्यात वरून, जिन्याच्या तोंडाशी, बबडीचा आवाज आला. "मावशी, कोण ठोकतंय?"

"खाली येऊ नकोस!" मी ओरडले.

पोर खाली आली असती तर तिने काय बघितलं असतं? आई गेली तशीच बापाची गत, त्याच गाडीखाली, आणि मावशी शेजारी हात बांधून उभी. जन्मभर तिने माझ्याकडे कोणत्या नजरेने बघितलं असतं?

मी जॅकचा दांडा धरला.

खाली दाबला. जाईना. म्हणजे जात होता, पण दुसऱ्या बाजूने कोणीतरी तो वर ढकलत होतं. आणि त्या दांड्यावर, माझ्या मुठीशेजारी, मला गार लागलं. हिवाळ्यात गाडीखालची फरशी लागते तसं गार.

"ताई," मी म्हणाले. "सोड. बबडी वर आहे. बबडीचा बाप आहे तो. ती बघेल गं. सोड, ताई."

दांडा हलेना.

"मी हात जोडते तुझ्यापुढे."

दांडा एकदम सैल झाला. मी जीव खाऊन पंप मारला. गाडी वर आली. भाऊजींना पाय धरून बाहेर खेचलं. बरगड्या मोडल्या होत्या, पण जिवंत होते. ते फरशीवर पडून छताकडे बघत होते.

मी अँब्युलन्सला फोन केला. ताईसाठी कोणी केला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. पोलिसांकडे मी गेले. त्यांनी विचारलं, पुरावा काय? आणि हो, म्हणे, स्टँड न लावता माणसाला गाडीखाली जाऊ देता, तुमच्यावरच केस व्हायला पाहिजे. भाऊजींनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मी काहीच बोललो नाही, मला काहीच आठवत नाही. पण बरे झाल्यावर ते एकटेच निघून गेले. बबडीला न्यायला आले नाहीत. भावाच्या हाताने निरोप धाडला, पोर तुमच्याकडेच राहू दे, आणि ती गाडीही तुमच्याकडेच राहू दे. त्यानंतर ना फोन, ना पत्ता.

बबडी आमच्याकडेच आहे. मजेत आहे. मला हवं होतं ते मला मिळालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही तसंच धरून चालले होते.

ती गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करावी लागते. पहिल्यांदा बाबांनी केली. गुडघे दुखत असताना जिना उतरून आले, बसले, चावी फिरवली. लोण्यासारखी. नंतर एकदा आईला बसवलं. लोण्यासारखी. समोरचा दुकानदार बसला, बबडीही माझा डोळा चुकवून एकदा बसली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

मग मी बसले.

फट फट… फट.

मी उतरले. थांबलं.

परत बसले. फट फट… फट.

कॉइल बदलल्या. प्लग बदलले. बदलण्यासारखं जे जे होतं ते सगळं एकेक करून बदलून झालं. आता बदलायची एकच गोष्ट उरली आहे, आणि ती मी आहे.

मी पुष्कळ विचार केला. मला बबडी हवी होती. ताईला तो हवा होता. हातात आलेला. आणि मी मधे पडले. तिच्यासाठी कोणी जॅक मारला नाही, आणि मी मारला, तोही त्याच्यासाठी. ती माझ्यावर चिडली असेल तर मी तिला काय सांगू? मी रोज सांगते, ताई, पोरीसाठी केलं गं. बोनेटवर हात ठेवून सांगते. ती ऐकते की नाही, मला कळत नाही.

परवा एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती. वेगळीच, नवी कोरी. ऑइल गळत होतं. मी जॅकने उचलली, स्टँड लावले, हलवून बघितली, खाली गेले. काम झालं. हात पुसत बाहेर आले आणि स्टँड काढायला वळले.

स्टँड गाडीखाली नव्हते.

दोन्ही भिंतीला टेकून उभे होते. एकाशेजारी एक.

मी केव्हापासून नुसत्या जॅकवर खाली होते, ते मला माहीत नाही.

बाबांना अजून बोलले नाही. गाडीखालची कामं आता मी घेत नाही, पाठ दुखते म्हणून सांगते. संध्याकाळी बबडीला शाळेतून आणायला जाते ते पायीच. ती विचारते, "मावशी, आपल्याकडे एवढ्या गाड्या असताना आपण चालत का जातो?"

मी म्हणते, "चालणं चांगलं असतं."